आर्डेल टोलेफसनचं शेवटचं सोंग

लुंडबीत चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीला माणसं बँड ऐकायला येत नसत, की आगीचा बंब बघायलाही नसत. ती यायची आर्डेल टोलेफसननं यंदा कोणाचं सोंग काढलंय ते बघायला. सकाळी नऊपासून मेन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या पडायच्या, मिरवणुकीतून फेकलेली चॉकलेटं गोळा करायला पोरं पिशव्या घेऊन बसायची, आणि वरच्या वळणावर ड्वेन कुबिआकचा जुना लाल ट्रॅक्टर धूर ओकत दिसला की कुणीतरी ओरडायचं, "आला रे, म्हातारा आला!" चाळिशीचा होता तेव्हापासून त्याला म्हाताराच म्हणायचे.

आर्डेल पत्र्याचा माणूस. दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यानं पत्रा कापला, वाकवला, जोडला. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर पांढऱ्या वणांच्या रेघा होत्या. स्वभाव घुमा. युनियनच्या सभेत सगळे तावातावानं भांडत असताना हा मागच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसायचा, आणि सभा संपल्यावर शेडमध्ये जाऊन दार लावून घ्यायचा. तोंडानं जे बोलायला जमत नसे ते तो पत्र्यानं बोलायचा.

पहिलं सोंग त्यानं काढलं ते कारखान्यानं लघवीला जाण्याचा वेळ मोजायला घड्याळ बसवलं तेव्हा. ट्रॅक्टरमागच्या सपाट गाडीवर सोनेरी रंगाचा संडास, राजाच्या सिंहासनासारखा, आणि शेजारी शिट्टी घेऊन उभा मॅनेजर. खरा मॅनेजर फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आठवड्याभरात घड्याळ उतरलं. दिवसच तसे होते. ज्याची टर उडवली तोच संध्याकाळी बिअर पाजायचा.

पुढे कारखाना मेक्सिकोला गेला. त्या वर्षी आर्डेलनं पत्र्याची कोंबडी केली, दहा फुटी. पुढून गावकरी तिला दाणे भरवताहेत आणि अंडी मागच्या बाजूनं लांबलचक नळीतून घरंगळत भलत्याच माणसाच्या टोपलीत पडताहेत. नोकरी गेलेले दोनशे लोक रस्त्याकडेला उभे राहून हसले. मग लढाईवरून पोरं परत यायला लागली, तेव्हा त्यानं एक यंत्र केलं. दांडा ओढला की पत्र्याचे पन्नास हात सैनिकासाठी टाळ्या वाजवायचे, पण 'डॉक्टर' लिहिलेलं दार उघडलं की आत दुसरं दार, त्याच्या आत तिसरं. त्या वर्षी सगळ्यांत जास्त हसली ती लढून आलेली पोरंच.

सोंगाचे कपडे त्याची बायको व्हर्ना शिवायची. ती गेल्यावर मुलगी मॅरिट शिवू लागली. मॅरिट शाळेची बस चालवायची. बापासारखी अबोल नव्हती ती. तिचं हसू बसच्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. आणि ओढणारा कायम ड्वेनच.

ड्वेन कुबिआक दूधवाला शेतकरी, साठ गायींचा धनी, पोलिश कॅथलिक, आणि पक्का दुसऱ्या पक्षाचा. निवडणुकीच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून जायचे. "चल, तुझं मत रद्द करून येऊ," ड्वेन म्हणायचा. "दोघंही घरी बसू की. पेट्रोल वाचेल," आर्डेल म्हणायचा. तरी जायचेच. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी एकाच टेबलावर तळलेले मासे खायचे, चाळीस वर्षं.

काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, हॉस्पिटल विकायचं ठरलं तेव्हा ड्वेन काउंटी बोर्डावर निवडून आलेला होता. हॉस्पिटल तोट्यात होतं. कर वाढवा नाहीतर विका, दोनच वाटा आहेत असं सांगण्यात आलं. अकरा विरुद्ध दहा मतांनी ते बाहेरच्या एका कंपनीला गेलं. ड्वेन त्या अकरांत होता. दोन वर्षांनी कंपनीचं पत्र घरोघर आलं. पत्रात 'बंद' हा शब्द कुठेच नव्हता. 'रुग्णांच्या सोयीसाठी प्रसूतिसेवा एकत्रित करण्यात येत आहेत' असं होतं. म्हणजे लुंडबीत आता बाळंतपण होणार नव्हतं. शहरात होणार होतं, अठ्ठावन्न मैलांवर.

"अठ्ठावन्न मैलांची सोय," आर्डेल पत्र घडी करत म्हणाला. "ड्वेन, तुझी कालवड अडली तर गुरांचा डॉक्टर किती वेळात येतो?"

"वीस मिनिटं. पंचवीस."

आर्डेलनं पत्र खिशात घातलं. शेडकडे गेला.

"अरे ए! काय शिजतंय डोक्यात?" ड्वेन मागून ओरडला. "माझ्या गायींना मध्ये आणू नकोस हं!"

त्या चार जुलैला गाडीवर एक प्रशस्त पलंग होता. पलंगावर उशांना टेकून पत्र्याची गाय पहुडलेली, गळ्यात मोत्यांची माळ. उशाला डॉक्टर, पायथ्याला दोन नर्सा, एक तिला वारा घालतेय. आणि गाडीच्या मागून रस्त्यानं पायी चालत होता स्वतः आर्डेल. अंगात व्हर्नाचा फुलाफुलांचा झगा, झग्यात दोन उशा, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे गाडी मागत. थांबायचा, कण्हायचा, आभाळाकडे बघायचा, पुन्हा चालायचा. पाठीवर पाटी: 'पुढच्या जन्मी गाय.'

लोक लोळायचे बाकी राहिले. मॅरिट औषधाच्या दुकानासमोर उभी होती, पोटावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. ड्वेन ट्रॅक्टरवर मान खाली घालून बसला होता, पण त्याचेही खांदे हलत होते. फक्त बँकेसमोरून कुणीतरी ओरडलं, "आजच्या दिवशी तरी राजकारण नको!" असं कुणी ओरडण्याची ती पहिलीच वेळ. आर्डेलनं अंगठा त्याच्याकडे केला आणि कमरेवर हात ठेवून जोरात कण्हला. लोक आणखी हसले.

ऑगस्टमध्ये मॅरिटनं सांगितलं. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले होते. ती अडतिसाव्या वर्षात होती. नवरा लान्स लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. सगळं ठरवून ठेवलं होतं. तारखेच्या आधी आठवडाभर ती शहरात लान्सच्या बहिणीकडे राहायला जाणार होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

फेब्रुवारीत, तारखेला बारा दिवस असताना, सकाळी दहाला तिचा फोन आला.

"बाबा, ये. रक्त जातंय."

बाहेर बर्फ आडवा पडत होता. काउंटीच्या दोन ॲम्ब्युलन्सपैकी एक हायवेवरच्या अपघाताला गेलेली. दुसरी होती, पण चालवणारा नव्हता. लान्स नेब्रास्कात. आर्डेलनं तिला पिकअपमध्ये बसवलं, खाली घोंगडी टाकली आणि निघाला. गाव सुटल्यावर पुढं बर्फ काढणारी गाडी लागली. ती ताशी पंचवीस मैलांनी चालली होती. तिच्या मागं राहावं तर उशीर, पुढं जावं तर रस्ताच नाही.

मॅरिटनं दरवाजाचं हँडल धरून ठेवलं होतं. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. हसव मला."

सगळ्या गावाला चाळीस वर्षं हसवणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सुचला नाही.  रस्त्याच्या कडेचे मैलांचे हिरवे फलक बर्फातून दिसत होते, तेवढे तो मोठ्यानं वाचत राहिला. "बेचाळीस राहिले. एक्केचाळीस. बघ, चाळीस झाले." तीस राहिल्यानंतर मॅरिट उत्तर द्यायची थांबली.

पोचायला सव्वादोन तास लागले. वार गर्भाशयापासून आधीच सुटली होती. मॅरिट वाचली, तीही कशीबशी. मुलगी वाचली नाही. डॉक्टरीण तरुण होती, तिच्या बुटांवर अजून ऑपरेशनच्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. आर्डेलनं विचारलं, "लवकर आलो असतो तर?" तिनं बुटांकडे बघितलं. त्याला उत्तर मिळालं.

मुलगी साडेसहा पौंडांची होती. केस काळे. मॅरिटनं तिचं नाव सिग्ने ठेवलं.

फेब्रुवारीत जमीन दगडासारखी असते, खणता येत नाही. लहानशी पेटी दफनभूमीच्या कोठीत एप्रिलपर्यंत ठेवावी लागली. त्या दोन महिन्यांत मॅरिटच्या ओट्यावर दुखवट्यात शेजारी देतात तशी नूडल आणि चीज घालून भाजलेल्या पदार्थांची भांडी येत राहिली. गाव वाईट नव्हतं. पण भांडं देताना कुणी हॉस्पिटलचं नाव काढत नव्हतं. पास्टर देवाची इच्छा म्हणाले. आणि पेट्रोल पंपावर कॉफी ओतून घेताना आर्डेलनं पाठीमागं ऐकलं, "आधीच जाऊन राहायला हवं होतं शहरात. माहीत होतं ना त्यांना?" त्यानं वळून बघितलं नाही. कप भरून वाहायला लागला तरी त्याला कळलं नाही.

एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाली आणि सिग्नेला व्हर्नाच्या शेजारी ठेवलं. पाच माणसं होती. सहावा कुंपणाबाहेर आपल्या ट्रकला टेकून उभा होता, टोपी हातात. आर्डेलनं ड्वेनला बघितलं आणि तोंड फिरवलं. फेब्रुवारीपासून दोघं बोलले नव्हते. शुक्रवारचं टेबल रिकामं होतं. अकरांतला अकरावा कोण हे मोजण्यात अर्थ नव्हता, हे आर्डेललाही कळत होतं. पण तो मोजत होता.

मे संपताना तो शेडमध्ये गेला. इतका राग त्यानं आयुष्यात कधी पत्र्यात घातला नव्हता. पत्र्याची पिकअप केली, खरीच्या निम्म्या मापाची. मैलांचे अठ्ठावन्न फलक कापले, हिरवे रंगवले.

जूनमध्ये एक मुलगी त्याला शोधत आली. तिचं नाव ब्रिन. राज्याच्या विधानसभेला उभ्या असलेल्या, आर्डेलच्याच पक्षाच्या उमेदवाराचं काम बघायची. हातात टॅब, पायात नवे कोरे गमबूट, जणू लुंडबीत गुडघाभर शेण असतं.

"टोलेफसन साहेब, तुमची स्टोरी लोकांपर्यंत पोचलीच पाहिजे," ती म्हणाली. "चार जुलैला आमचे कॅमेरे असतील. मिरवणुकीनंतर तुम्ही स्टेजवर या, दोनच मिनिटं. साइनबद्दल बोला."

"कोणाबद्दल?"

तिनं टॅबकडे बघितलं. "तुमची नात. साइन."

"सिग्ने. सिग्-ने."

"हो हो, सॉरी. सिग्ने." मग पत्र्याच्या पिकअपकडे बघत म्हणाली, "हे तर जबरदस्त आहे. शेवटी काहीतरी असायला हवं ना? म्हणजे बघणाऱ्याच्या घशात आवंढाच यावा असं."

आर्डेलला ती आवडली नाही. पण खरं सांगायचं तर तिचं बोलणं त्याला गोड लागलं. चार महिन्यांत हॉस्पिटलचं नाव घेऊन त्याच्याशी बोलणारी ती पहिली. ती गेल्यावर त्यानं पत्र्याचा उरलेला तुकडा घेतला आणि पाळणा करायला बसला. हातभर लांबीचा. कडा नीट दुमडल्या, कुणाला लागू नयेत म्हणून. कोणाला लागणार होत्या?

मॅरिट आली तेव्हा तो पाळणा गाडीला जोडत होता. ती उंबऱ्यातच थांबली.

"हे काय आहे?"

"अजून ठरलं नाही."

"बाबा, हे काय आहे?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. "लोकांना कळायला नको का?"

"कोणाला कळायचं राहिलंय? अडीच हजार डोकी आहेत गावात. त्यांची भांडी अजून माझ्या ओट्यावर पडलीयत."

"मग गप्प बसायचं? ते पत्र पाठवतात, सोय म्हणून—"

"बोल ना! तोंडानं बोल. तोंड दिलंय देवानं तुला." तिचा आवाज चिरकला. "पण तिचं सोंग करू नकोस. एकीकडं बँड, दुसरीकडं चॉकलेटं फेकणारे, आणि मधून माझी पोर? नको करूस, बाबा."

"सोंग नाही ग ते..."

"गेल्या वर्षी तू झग्यात उशा घालून चाललास ना, तेव्हा मला माहीत होतं. त्याच सकाळी मी टेस्ट केली होती. औषधाच्या दुकानासमोर उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तिच्यावर हात ठेवून हसले मी."

आर्डेल बाकावर बसला. मॅरिटनं पाळण्याकडे बोट केलं आणि निघून गेली.

त्यानं दोन दिवसांत सगळं सोडवलं. रिव्हेट एकेक करून काढले, पत्रे सरळ ठोकले, भिंतीला लावून ठेवले. ब्रिनला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ती खूप समजूतदारपणे बोलली आणि दुसरं कुणी माहीत आहे का असं विचारलं.

चार जुलैच्या सकाळी सातला अंगणात ट्रॅक्टरचा आवाज आला. ड्वेननं तो धुऊन पुसून आणला होता. नेहमीसारखा बॉनेटवर कागदी झेंडा.

"ओढायचं आहे काही?"

"नाही."

ड्वेननं इंजिन बंद केलं. उतरला नाही. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला.

"मी हात वर केला होता, आर्डेल."

"माहीत आहे."

"बाळंतपणाचा विभाग चालू ठेवू म्हणाले होते. लेखी दिलं होतं."

"किती वर्षं?"

"दोन."

"वाचलं होतंस तू?"

"वाचलं होतं." ड्वेननं टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हटलं, दोन वर्षांनी बघू. काहीतरी होईल."

आर्डेलच्या जिभेवर काहीतरी टोचणारं यायला हवं होतं. चाळीस वर्षांत या माणसाला टोमणा मारायला त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. 

"कॉफी घेणार?"

"नको," ड्वेन म्हणाला. पण गेला नाही. गावातून ढोलांचा आवाज यायला लागला, मोठा झाला आणि विरला. तोवर दोघं तिथंच होते, एक ट्रॅक्टरवर, एक पायरीवर.

ऑगस्टमध्ये काउंटी बोर्डाच्या सभेत आर्डेलनं नाव नोंदवलं. तिथं कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. समोर हिरवा दिवा लागतो, वेळ संपला की लाल. तो व्हर्नाच्या अंत्यविधीला घातलेला सूट घालून आला होता. तो माइककडे निघाला तशी मागच्या खुर्च्यांत खसखस पिकली. आर्डेल म्हटल्यावर हसायचं, ही सवयच पडलेली.

"माझं नाव आर्डेल टोलेफसन," तो म्हणाला. "माझ्या नातीचं नाव सिग्ने."

खसखस थांबली. त्यानं मैल सांगितले, मिनिटं सांगितली. पंचवीसच्या वेगानं जाणारी गाडी सांगितली. एकही विशेषण वापरलं नाही. दीड मिनिटात त्याचं संपलं. तो तसाच उभा राहिला.

"आणखी काही, मिस्टर टोलेफसन?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण बसू शकता."

"दिवा अजून हिरवा आहे. हा वेळ माझाच आहे ना?"

अध्यक्षांनी मान हलवली. दीड मिनिट त्या सभागृहात कुणी काही बोललं नाही. कागद चाळण्याचाही आवाज आला नाही. दिवा लाल झाल्यावर आर्डेलनं टोपी घेतली आणि जागेवर जाऊन बसला.

विभाग पुन्हा सुरू करण्यासाठी काउंटीनं कर लावावा, असा ठराव त्या संध्याकाळी ड्वेननं मांडला. तेरा विरुद्ध आठ मतांनी तो पडला. पुढच्या वसंतात ड्वेनच्याच लोकांनी त्याच्या विरोधात माणूस उभा केला आणि त्याची जागा गेली. "गायींनी मात्र मला एकमतानं निवडून दिलंय," तो म्हणाला. हसला नाही. ब्रिनचा उमेदवार निवडून आला. त्यानं खेड्यांतल्या हॉस्पिटलांवर समिती नेमली. अहवाल एकशे बारा पानांचा निघाला. आर्डेलनं तो लायब्ररीत बसून सगळा वाचला. त्यात लुंडबीचं नाव दोनदा होतं, एकदा चुकीचं लिहिलेलं.

मॅरिट आणि लान्स शरदात मिनेसोटाला राहायला गेले. तिला तिथं शाळेची बस मिळाली. या गावात रोज सकाळी त्याच पिकअपसमोरून जाववत नाही, असं ती म्हणाली. आर्डेलनं पिकअप विकली, पण तोवर तिचं जायचं ठरलं होतं.

शुक्रवारचं टेबल हळूहळू पुन्हा सुरू झालं. आर्डेल आणि ड्वेन मासे खातात, बोलतात थोडंच. नव्या पोरांना सोंगांचं काही माहीत नाही. मिरवणुकीत आता ट्रक येतात, मोठमोठे झेंडे लावलेले, कर्णे वाजवत, आणि कोण कोणाच्या बाजूचं ते झेंड्यावरून कळतं. गेल्या वर्षी समितीनं आर्डेलला मिरवणुकीचा मानकरी व्हायला बोलावलं होतं.

"काय करावं लागेल?" त्यानं विचारलं.

"काही नाही. उघड्या गाडीत बसून हात हलवायचा."

"मला जमायचं नाही ते," तो म्हणाला.

त्या दिवशी सकाळी तो दफनभूमीत गेला. सैनिकांच्या कबरींवर छोटे झेंडे खोचलेले होते. त्यानं व्हर्नाच्या दगडाभोवतीचं तण काढलं, मग सिग्नेच्या. दगडावर एकच तारीख. गुडघे दुखायला लागले तेव्हा गवतावर बसला.

संध्याकाळी मॅरिटचा फोन आला.

"मिरवणूक कशी झाली?"

"नाही बघितली."

"मीपण नाही इथली." तिकडं नळ सोडल्याचा आवाज आला. "दिवसभर काय केलंस मग?"

"तण काढलं. फार माजलं होतं."

"दोघींचं?"

"दोघींचं."

"बरं केलंस," ती म्हणाली. पलीकडं नळाचं पाणी अजून वाहत होतं, आणि ते बंद करायला तिला बराच वेळ लागला.